चार दिवे आणि आईची गोधडी

हदगावच्या स्टँडमागे चांदपाशा तीस वर्षांपासून ट्रॅक्टरचं वायरिंग करतात. माझी नवी हायब्रीड गाडी त्यांच्याकडे न्यायला मला कमीपणा वाटत होता, हे कबूल करतो. पण डॅशबोर्डवर एकदम चार दिवे पेटत होते. शहरातला शहाणा मेकॅनिक यंत्र लावून ते पुसायचा आणि दोन दिवसांत ते परत हजर. शेवटी तो म्हणाला, मोठी बॅटरीच बदला!

चांदपाशांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही.

"चार दिवे म्हंजे चार बिघाड न्हाईत, सर. पहिला कोणता लागला?"

"हायब्रीडचा. भर उन्हात लांब गेलं की लागतो."

"मंग बॅटरी तापून राहिली. दिवा सांगून राहिला अन् तुम्ही त्याचं तोंड बंद करून राहिले."

ते थेट मागच्या सीटवर, माझ्या आईशेजारी जाऊन बसले. नव्या सीटला डाग पडू नये म्हणून आईने चारपदरी गोधडी अंथरली होती. तिच्याखाली बॅटरीला हवा देणारी जाळी पार दबून गेली होती. चांदपाशांनी गोधडी काढली, ब्रशने जाळीतली धूळ साफ केली, मगच दिवे पुसले. महिना झाला, एकही पेटला नाही.

त्या दिवशी आईचा चेहरा मात्र पडला. "माझ्यामुळंच झालं की रे."

चांदपाशांनी गोधडीची नीट घडी करून तिच्या मांडीवर ठेवली.

"न्हाई मावशी. गाडी नवी हाय, तिला एवढ्या उबेची सवय न्हाई."