जिन्यावरचा कागदी माणूस

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. भुताखेतांच्या बातम्या अधूनमधून येतात. मी त्यांना एक 'म्हणे' लावतो, नाहीतर टोपलीत टाकतो. या विषयावर माझं मत एवढंच होतं. खालच्या मजकुराला मात्र 'म्हणे' लावता येत नाही, कारण घरात मी स्वतः होतो.

नाशिक, इंदिरानगर, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आम्ही तिघं. पत्नी ओझरला नोकरीला. सकाळी जाते, संध्याकाळी येते. मुलगी ऋता आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेज गंगापूर रोडच्या बाजूला.

या शिक्षणात पुस्तकांपेक्षा स्टुडिओ महत्त्वाचा, हे मला तिच्यामुळे कळलं. लांब टेबलं, कोपराला कोपर लागेल अशी मुलं. येणारा-जाणारा तुमच्या ड्रॉइंगवर वाकतो आणि चूक दाखवतो — बहुधा टोमणा मारून. ऋताच्या शेजारी सोहेल बसायचा. येवल्याचा, वडील पैठणी विणतात.

ऋताची एक चूक ठरलेली. दोन मजली इमारतीत जिन्याच्या वर स्लॅबमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. ती हिची नेहमी तोकडी पडायची. म्हणजे चढणाऱ्याचं डोकं वरच्या मजल्याला आपटणार. सोहेलकडे सुपारीचा एक डबा होता. बहिणीच्या उरलेल्या लग्नपत्रिकांमधून त्याने मॉडेलच्या मापाची माणसं कापली होती — करंगळीच्या दोन पेरांएवढी, उभं राहायला पायाशी घडी, पाठीमागे पत्रिकेची सोनेरी वेल. त्यातल्या एकाच्याच पाठीला ड्रॉइंगची शीट ठेवायची नळी होती; तो नळीवाला सोहेल ऋताच्या जिन्यावर उभा करायचा. डोकं अडलं की तो आडवा व्हायचा.

"ऋते, तुझ्याकडचे पाहुणे डोकं फोडूनच वर येतात का गं?"

हे वाक्य आमच्या घरातही पाठ झालं होतं.

एकदा जेवायला आला होता तेव्हा त्याने मला विचारलं, "काका, तुमच्या पेपरात चूक गेली तर कोण सांगतं?"

"वाचक. दुसऱ्या दिवशी."

"मग आमचं बरंय. आमच्यात लगेच सांगतात. वर चहाही आम्हालाच पाजायला लावतात."

"तू कधी पाजलास?" ऋता म्हणाली. "फुकट्या."

दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला, ताप आला आणि त्या तापातच गेला. आम्ही येवल्याला जाऊन आलो. निघताना त्याच्या वडिलांनी ऋताच्या हातात तो डबा दिला. "तुमच्या कामाची चीज आहे, बेटा. आम्हाला यातलं काय समजणार." ऋता रडली नाही. डबा कपाटावर ठेवला. त्यानंतर ती स्टुडिओत बसेना. हजेरी लावून घरी यायची आणि डायनिंग टेबलवर काम करायची. कानाला हेडफोन... त्यात काही वाजत नसायचं.

मार्क घसरले. तिच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. "मुलगी हुशार आहे. पण एकटी बसते, त्यामुळे तिच्या चुका कुणाच्या नजरेलाच पडत नाहीत. या जूरीत, परीक्षकांपुढे काम मांडताना, डिझाइन राहिलं, तर वर्ष जाईल."

मी घरी येऊन तिला हे सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

जूरीच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी तिने मला हाक मारली. "बाबा, डबा तुम्ही उघडला होता?"

मी नव्हता उघडला. टेबलवरच्या मॉडेलमध्ये, जिन्यावर, नळीवाला कागदी माणूस आडवा पडला होता. पंखा बंद, खिडकी लावलेली. ऋताने त्याला उचलून डब्यात ठेवलं. झाकणाला मी चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी डबा बॅगेत घालून ऑफिसला नेला. संध्याकाळी परत आलो. पट्टी होती तशीच होती. माणूस जिन्यावर होता — त्याच पायरीवर, तसाच आडवा.

साहजिकच माझा संशय ऋतावर गेला. तिने नवीन कापला असेल. मी तिच्यासमोर पट्टी काढली. बाकीची माणसं डब्यात होती, नळीवाला नव्हता. जिन्यावरचा उचलून पालथा केला. मागे सोनेरी वेल होती.

"तू ठेवलास?"

"नाही. तुम्ही?"

"नाही."

तिने त्याला पायरीवर उभं करून पाहिलं. डोकं स्लॅबला लागलं आणि तो आडवा झाला. मग मोजपट्टी लावून मोजलं, कटर घेतलं, स्लॅबचा तेवढा भाग कापून काढला. पुन्हा उभा केला. तो उभा राहिला.

ड्रॉइंगमध्येही तीच चूक होती. ती शीट्स गुंडाळून दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेली आणि जूरीपर्यंत तिथेच बसून काम केलं.

जूरीच्या दिवशी मॉडेल मी रिक्षातून मांडीवर नेलं. गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर नाशिककरांना माहीत आहेत. वाटेत पुठ्ठ्याची दोन झाडं निखळली. ती डिंकाने चिकटवलेली होती. नळीवाल्याला डिंक लावलेला नव्हता. तो उभाच होता. जूरीत जिन्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ऋता पास झाली, वर्ष वाचलं.

मागच्या महिन्यात ती डबा विसरली — जेवणाचा. मी द्यायला स्टुडिओत गेलो. ती सोहेलच्या जागेवर बसलेली होती. शेजारी पहिल्या वर्षाची एक मुलगी मॉडेल घेऊन उभी. ऋता त्या जिन्यात वाकून बघत होती. मी आल्याचं तिला कळलं नव्हतं.

"काय गं," ती म्हणाली, "तुझ्याकडचे पाहुणे डोकं फोडूनच वर येतात का?"

टेबलावरची मुलं हसली. ऋताही हसली आणि हसता हसताच तिला रडू आलं. येवल्याहून परतल्यानंतरचं हे पहिलं. कुणीतरी तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. मी जेवणाचा डबा दाराजवळच्या टेबलवर ठेवून परत आलो.

नळीवाला त्यानंतर आपणहून कुठे गेलेला नाही. सुपारीच्या डब्यात असतो. पट्टी लावलेल्या डब्यातून तो बाहेर कसा आला, हे मी जमतील तेवढ्या बाजूंनी तपासलं. सांगता येत नाही. माझ्याकडे ही बातमी आली असती, तर मी ती टोपलीत टाकली असती.