त्या पातेल्यात कांदा होता

‘कै. रंगनाथराव अखेरच्या काळात भ्रमिष्टासारखे वागू लागले होते. पोटदुखीचे खूळ त्यांच्या डोक्यात शिरले होते. त्या भरात त्यांनी एका निरपराध आचाऱ्याचा जबडा फोडला. तरीही ते आमचे वडीलधारे होते.’

रंगनाथच्या तेराव्याला वाटलेल्या पुस्तिकेतली ही वाक्ये आहेत. लिहिणारा वसंत, रंगनाथचा सख्खा पुतण्या. ती मी पिंपळगाव रेणुकाईला, मांडवात उभ्यानेच वाचली आणि तिथल्या तिथे पुस्तिका फाडली. वसंत माझा विद्यार्थी. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. मेलेल्या माणसाला वेडा ठरवणे सोपे असते, कारण तो उठून कानाखाली वाजवू शकत नाही. रंगनाथ जिवंत असता, तर त्याने निश्चित वाजवली असती. म्हणून हे काम आता मला करावे लागत आहे, आणि माझ्याजवळ फक्त लेखणी आहे.

वसंतच्या मजकुरातले जे खरे आहे ते मी प्रथम मान्य करतो. आचाऱ्याचा जबडा फुटला, हे खरे. आचारी निरपराध होता, हेही खरे. मग वाद कशाचा? वाद एवढाच, की वसंतच्या नातवाच्या जावळाच्या दिवशी रंगनाथसाठी वेगळ्या केलेल्या पातेल्यात कांदा होता की नव्हता. नसेल, तर रंगनाथ भ्रमिष्ट ठरतो आणि वसंतचा प्रत्येक शब्द उभा राहतो. असेल, तर रंगनाथ शुद्धीवर होता, आणि त्याच्याविषयी गेले वर्षभर गावाने जे म्हटले ते सगळे खोटे. या दोहोंमध्ये तिसरी जागा नाही.

रंगनाथ मारकुटा होता, हे लपवण्याचे मला कारण नाही. माझा समोरचा वरचा दात त्याने सातवीत पाडला. गोट्यांच्या खेळात मी लबाडी केली होती, म्हणून. तेव्हा मी ती कबूल करत नव्हतो, म्हणून मीही त्याच्या दंडाचा लचका तोडला. त्यानंतर साठाहून अधिक वर्षे आम्ही मित्र राहिलो. मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो. तो जालन्याच्या एमआयडीसीत सळया ओढणाऱ्या कारखान्यात लागला आणि पुढे फोरमन झाला. एकदा यंत्राच्या फिरत्या रोलमधून निसटलेली लालभडक सळई सापासारखी उसळून एका कामगाराच्या दिशेने आली. रंगनाथने त्या माणसाची गचांडी धरून त्याला फरशीवर आदळले. सळई रंगनाथच्या डाव्या हाताचे मांस सोलून पुढे गेली. जळलेला हात तसाच लोंबत असताना त्याने त्या वाचलेल्या माणसाच्या दोन मुस्कटात दिल्या, कारण तो तिथे उभा राहून विडी पेटवत होता. जीव वाचवणे आणि थोबाडणे ही त्याच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती. पण एक गोष्ट त्याला ओळखणारा कोणीही शपथेवर सांगेल: कारणावाचून त्याने कधी हात उचलला नाही. कारण चुकीचे असू शकेल; नसणे शक्य नव्हते.

निवृत्तीनंतर त्याच्या पोटाने त्याच्यावर हात उचलला. जेवणानंतर दोन-तीन तासांनी पोट नगाऱ्यासारखे ताणले जाई. आतून कोणी आतडी पिळून गाठ मारत आहे असे त्याला वाटे, आणि मग संडासाकडे धाव. मी त्याला खांबाला डोके आपटताना पाहिले आहे. जळलेल्या हाताने न ओरडलेला माणूस मूठभर हरभऱ्याच्या उसळीने गुरासारखा हंबरत असे. सगळ्या तपासण्या झाल्या. फोटोत काही दिसेना. शेवटी नवीन जालन्यातल्या एका पोटाच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून नीट समजावले. मी सोबत होतो, आणि ते स्पष्टीकरण मला आजही वर्गात सांगता येईल. कांदा, लसूण, गहू, हरभरा, तूर यांत अशा काही साखरा असतात, ज्या माणसाच्या लहान आतड्यात पचत नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात, त्यांना आंबवतात. वायू सुटतो, पाणी ओढले जाते. तुमच्या-माझ्या पोटात हे रोज घडते आणि ते हिताचेच असते, कारण त्या जिवाणूंचे पोषण यावरच होते आणि ते आतड्याला सांभाळतात. रंगनाथच्या आतड्याच्या नसा मात्र सोललेल्या कातडीसारख्या हळव्या झाल्या होत्या. जो ताण इतरांना कळतही नाही, तो त्याला सुरीसारखा लागे. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हे पदार्थ बंद करा. मग एकेक करून थोडे थोडे पुन्हा खाऊन बघा, काय सोसते आणि काय नाही.

त्याने बंद केले. भात, ज्वारीची भाकरी, वांगी, बटाटा, अंडी, मटण यांवर राहिला, आणि पंधरा दिवसांत माणसात आला. इथे गावाने ती चूक केली, जी आपल्याकडेच होऊ शकते. रंगनाथने कांदा-लसूण सोडला, ही बातमी पिंपळगावला पोहोचली आणि घरोघर एकच अर्थ लागला: अण्णांनी माळ घातली. वसंतच्या घरच्या पुढल्याच कार्यात त्याला मोठ्या सन्मानाने माळकऱ्यांच्या पंगतीत बसवले आणि कांदा-लसणाचा स्पर्श नसलेले सात्त्विक जेवण वाढले. म्हणजे पुरणपोळी, कटाची आमटी आणि हरभऱ्याची उसळ. गहू आणि हरभरा, एकावर एक रचलेला सुरुंग! सुनांनी आग्रह केला, अन्नाला नाही म्हणवेना, तो जेवला. पुढचे दोन दिवस तो गोठ्याशेजारच्या खोलीत लोळत होता. नंतर कधीतरी तो बाजारात मटण घेताना दिसला. त्यावर एका भावकीतल्या माणसाने पारावर, दहा जणांदेखत, विचारले, “काय अण्णा, माळ खुंटीला टांगून आल्ता का?” त्या माणसाचे नाक अजून थोडे डावीकडे वाकलेले आहे.

गावाला संशय यायला आणखीही कारणे मिळाली. डॉक्टरांनी सांगितले होते की त्या साखरा पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. म्हणून लसूण तेलात तळून पाकळ्या काढून टाकल्या तर ते तेल चालेल. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालेल, खालचा पांढरा नाही. हे अक्षरशः खरे आहे, पण ऐकणाऱ्याला ते सोंगासारखे वाटते. लोक हसू लागले. मीही हसलो, हे नमूद करतो. आणि आमचे खरे भांडण दुसऱ्याच मुद्द्यावर जुंपले. सहा आठवडे संपले, सहा महिने संपले, तरी रंगनाथ कोणताही पदार्थ पुन्हा खाऊन बघायला तयार होईना. सळईला न भ्यालेला माणूस कांद्याच्या फोडीला भ्याला होता. मी म्हणत असे, डॉक्टरांची अर्धीच आज्ञा पाळतोस. त्या जिवाणूंनाही उपाशी मारतो आहेस. तो म्हणे, “मास्तर, तुमचं पोट असतं तर तुमी वर्गातून पळून गेले असते.” एकदा त्याने माझ्या अंगावर पितळी तांब्या भिरकावला. तो चुकला, कारण मला त्याचा नेम ठाऊक होता.

आता जावळाचा दिवस. गेल्या वर्षी वसंतच्या नातवाचे जावळ होते, शेतातल्या लिंबाखाली. शेषराव आचारी. त्याने रंगनाथसाठी चुलीच्या कडेला वेगळे पातेले ठेवले: बटाट्याचा रस्सा, फक्त जिरे, तिखट, मीठ. शेषराव सज्जन माणूस. त्याने त्यासाठी विळी-पळीही वेगळी घेतली होती. बाराच्या सुमारास पंगत बसली. रंगनाथ माझ्या डाव्या हाताला. त्या दिवशी तो मजेत होता, वसंतच्या नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. दोनदा रस्सा मागून घेतला. एवढेच म्हणाला, “शेषराव, बटाटा गोड लागू राह्यला आज.” शेषरावने सांगितले, थंड गोदामातला बटाटा आहे अण्णा, गोडसर होतोच. झाले. कोणाला शंका नाही, त्याला तर नाहीच.

तीनच्या पुढे त्याने मांडीवरचे मूल खाली ठेवले. चेहरा राखेसारखा झाला. तो शेताच्या बांधापर्यंत गेला, तिथे गुडघ्यांवर कोसळला, ओकला, जमिनीवर मुठी आपटू लागला. मी उठलो, पण माझ्याआधी तोच उठला. वाकलेल्या कमरेने, एका हाताने पोट धरून तो सरळ चुलीकडे आला. शेषराव कढई घासत होता. रंगनाथने मोठा लोखंडी झारा उचलला आणि एकही शब्द न बोलता त्याच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. कापसाची वाळकी पऱ्हाटी पायाखाली यावी तसा असतो. शेषराव राखेत पडला, दात आणि रक्त एकदमच बाहेर आले. रंगनाथने दुसऱ्यांदा झारा उगारला, तेव्हा चौघांनी त्याला धरले. त्या चौघांनाही त्याने फरफटत नेले. “कांदा घातला,” एवढेच तो म्हणत होता. “मला मारून टाकाया कांदा घातला ह्यानं.” बायका मुले उचलून पळाल्या. मग वेदनेची दुसरी लाट आली आणि तो स्वतःच शेषरावच्या शेजारी राखेत आडवा झाला... दोघे एकाच चुलीपाशी, एक जबडा धरून, एक पोट धरून.

जबड्याला तार बांधली असताना शेषरावने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून, खुणेने, शपथ घेतली की त्याने कांदा घातला नाही. पातेले तपासले गेले. कांद्याचा एक तुकडाही सापडला नाही. वसंतने सर्वांसमोर निकाल दिला: चुलत्याचे डोके फिरले आहे. पोलिसांपर्यंत गोष्ट गेली नाही, ती शेषरावची मेहेरबानी. त्या दिवसापासून भावकीने रंगनाथला लग्नकार्याची चिठ्ठी पाठवणे बंद केले.

याहून वाईट पुढेच घडले. रंगनाथने लोकांचे म्हणणे स्वीकारले. महिनाभराने तो माझ्याकडे आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, “मास्तर, शेषराव लेकीची खोटी शपथ न्हाई घ्यायचा. मंग कांदा न्हवताच. मंग माझं डोकंच गेलं का? तुमी खरं सांगा, तुमी शिकलेले हाव.” मी गप्प बसलो. तो शेषरावच्या घरी गेला, त्याच्या पायांवर डोके ठेवले, आणि म्हणाला की मी येडा हाव, मला माफ कर. नंतर त्याने सगळे खायला सुरुवात केली. मी पाहिलेले सांगतो. कांदा फरशीवर ठेवून तो बुक्कीने फोडायचा, भाकरीबरोबर कचाकचा खायचा. “डोक्याचंच दुखणं हाय म्हनल्यावर पोटाला कशाला भ्यायचं?” तीन तासांनी तो दाराला कडी लावून स्वतःच्या पोटावर गुद्दे हाणत असे. बाहेर ऐकू यायचे. जवळपास वर्षभर त्याने आपल्या शरीराला अशी मारहाण केली, एका खोट्या निकालावर विश्वास ठेवून. गेल्या महिन्यात सकाळी दाढी करताना मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि तो आरशासमोरच कोसळला. त्याच्या जावयाचा फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. पोहोचलो तेव्हा एका गालावर साबण तसाच होता.

वसंत, आता तुझ्याशी बोलतो. दुखणे मनाचे असते, तर मनाला संशय आल्याक्षणी ते उठले असते. रंगनाथला संशय नव्हता. तो आनंदाने जेवला, दोनदा मागून जेवला, मूल खेळवत बसला, आणि पोटाच्या नेहमीच्या वेळेला, तीन तासांनी, कोसळला. कोणते मन घड्याळ लावून आजारी पडते? तू म्हणशील, शेषरावने कांदा घातला नाही. बरोबर. तू म्हणशील, पातेल्यात तुकडा नव्हता. तेही बरोबर. तुकडा लागतच नाही. त्या साखरा पाण्यात उतरतात, हे तुझ्यादेखत मी दहा वेळा सांगितले होते. तू म्हणशील, मास्तर, हा सगळा तर्क झाला, पुरावा कुठे आहे?

डॉक्टरांनी सांगितलेली परीक्षा तो स्वतः देणार नव्हता, आणि वाद मला जिंकायचा होता. जावळाच्या दिवशी सकाळी मी घरी चार कांदे उकळले, पाणी वस्त्रगाळ केले, बाटलीत भरून शेतावर नेले, आणि शेषराव सरपण आणायला गेला तेव्हा ते त्या पातेल्यात मी ओतले.