खिडकीबाहेरचा वर्ग

त्या दिवशी रनाळ्याच्या शाळेत मास्तरांनी माझी पाटी आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्यापासून हिला पाठवू नका."

नव्वदी ओलांडलीय मी. मी सांगतेय, नात टाईप करतेय... इंग्रज अजून इथे होते तेव्हाची गोष्ट.

सगळा वर्ग एका सुरात पाढे ओरडायला लागला की माझ्या डोक्यात काहीतरी फुटायचं. मी कान दाबून किंचाळायचे. छडी खाल्ली, अंगठे धरले... काही उपयोग नाही. त्या दिवशी तर वर्गातून पळून थेट शेतात जाऊन बसले होते.

आजीने ठरवून टाकलं, पोरीच्या अंगात काहीतरी शिरलंय. भगत बोलवायचा, मिरचीची धुरी द्यायची.

सासूपुढे सून बोलायची नाही, असे ते दिवस. पण आई बोलली. "धुरी देवानी नही. मन्ही पोरले कोनी हात लावाना नही."

सकाळी ती मला घेऊन परत शाळेत. "मन्ही पोर येडी नही शे, मास्तर. तिले काय व्हस ते माले समजत नही. पन मारीसन ते जावाव नही. ती बाहेर बठी, मी तिना जोडे बठसू."

मास्तर म्हणाले, असा नियम नाही.

"नियम आतला शे. आम्ही ते बाहेर बठसूत."

आणि बसलो! वर्गाच्या खिडकीखाली, मातीत. आई शेंगा फोडायची, मी पाटीवर लिहायचे. येणारे-जाणारे हसायचे. आजीने तर आईशी बोलणंच सोडलं... शेतातली कामं पडून राहिली, ती आई संध्याकाळी जाऊन उरकायची.

आत पाढे सुरू झाले की आई हातातल्या शेंगा ठेवायची आणि तिचे दोन्ही तळवे माझ्या कानांवर दाबून धरायची. रागावणं नाही, समजावणं नाही. आवाज थांबला की हात काढून म्हणायची, "लिख आते." बस, एवढंच. पण माझं किंचाळणं हळूहळू कमी झालं.

मग एक दिवस भर वर्गातून शकीना उठली. गावातल्या शिंप्याची मुलगी. तिची अक्षरं उलटी पडायची, पोरं खिदळायची. ती पाटी घेऊन बाहेर आली आणि आईच्या दुसऱ्या बाजूला बसली. मास्तरांनी हाका मारल्या, ही हलेना... आई नुसती जरा सरकली, तिला जागा केली.

मला वाटलं, आता आम्हाला हाकलणार. मास्तर खिडकीशी आले. मग गजांतून हात बाहेर काढून म्हणाले, "पाट्या दाखवा."

त्यानंतर ते रोज आमच्या पाट्या बघायचे. शकीनाचं उलटं अक्षर स्वतः पुसून सुलटं काढून द्यायचे.

पुढे डिपोटी साहेब तपासणीला आले. टांग्यातून उतरल्या उतरल्या त्यांना आम्हीच दिसलो. "ह्या कोण? वर्गाबाहेर का बसल्यात?"

आईने डोक्यावरचा पदर नीट केला, पण उठली नाही. आम्हा दोघींचे हात घट्ट धरून बसून राहिली. मास्तरांची नोकरी त्या माणसाच्या हातात होती.

मास्तर दारात आले. म्हणाले, "माझा वर्ग त्या बाईंपर्यंत आहे, साहेब."

साहेब इंग्रजीत काहीतरी पुटपुटले आणि आत गेले. आम्हाला कुणी उठवलं नाही. मी मराठी चौथी पास झाले. शकीनाही झाली, माझ्यानंतर वर्षभराने.

आता अशा मुलांसाठी डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. फार चांगलं झालं. पण आजही कुणी एखाद्या आईला सांगतं, तुमचं मूल इथे बसू शकत नाही, घरी घेऊन जा...

नेऊ नका. त्याच्या शेजारी बसा.