शिंपीमास्तरांचा सुळा

हिरड्यांच्या डॉक्टरबाईंनी दवाखाना भाचीच्या हाती सोपवला, तेव्हा सगळे पेशंट बिनबोभाट तिच्याकडे गेले. मागे राहिले ते शिंपीमास्तर.

मास्तर म्हणजे बाईंचे अगदी पहिले पेशंट. एकतीस वर्षांपूर्वी आले तेव्हा हिरड्या सुजलेल्या, दात खिळखिळे. एक डॉक्टर आधीच 'सगळे काढा, कवळी बसवा' असं सांगून मोकळे झाले होते. बाईंची पदवी कोरी करकरीत आणि तोरा त्याहून नवा. सर्वांत वाईट अवस्थेतल्या खालच्या सुळ्याला आरसा लावून त्या छातीठोकपणे म्हणाल्या, "बाकीच्यांचं बघू, पण हा मी जाऊ देणार नाही."

तेव्हापासून मास्तर दर तीन महिन्यांनी हजर. बाई हिरड्यांखालचं कीटण खरवडायच्या, दोरा दातांनी तोडू नका म्हणून दाताच्या कण्या करायच्या, आणि मास्तर आ वासलेल्या तोंडानंसुद्धा गप्पा हाणायचे. बाईंना त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं. पुढे इम्प्लांट आले. हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवायची विद्या बाई चाळिशीत नव्यानं शिकल्या. मास्तरांचे सहा दात गेले, त्या जागी सहा उभे राहिले. सुळा मात्र तग धरून होता. ते दिवस आठवले की बाईंना अजून भरून येतं. तेव्हा आपल्या हाताला यश आहे असं त्यांना मनापासून वाटायचं.

परवा भाचीनं मास्तरांचा एक्स-रे उजेडात धरला.

"मावशी, दुसऱ्या कुणाचा असता तर तू हा सुळा तीन वर्षांपूर्वीच काढला असतास ना? बघ, आसपासचं हाड किती गेलंय. आता इम्प्लांट रोवायला जागाच नाही."

सुळ्याभोवतीची ती काळी सावली बाईंनी दर वेळी पाहिली होती आणि दर वेळी कानाडोळा केला होता. जन्मभर लोकांना 'वेळेवर या' म्हणून फैलावर घेणारी बाई आपल्याच हट्टापायी एका भल्या माणसाचं हाड घालवून बसली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे, मास्तर. सुळा काढावा लागेल आणि तिथे आता इम्प्लांटही बसायचा नाही."

मास्तरांनी जिभेनं सुळा चाचपला.

"मला माहीत होतं, बाई. तीन वर्षं मी त्या बाजूनं घास चावलेलाच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा जीव अडकला होता त्यात. म्हटलं, बाई दवाखाना सोडेपर्यंत कसंही करून टिकवू."

सुळा निघायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. बाईंनी तिथे कापसाचा बोळा दाबून धरला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या पेशंटसमोर रडल्या.