वाकडे वडाम

वडाम तेलात पडला की तांदळाचा आणि हिंगाचा वास सुटतो, आणि माझे हात अजूनही गार पडतात.

कुवेतमधल्या जाब्रियात आम्ही दोघी नर्स एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. मल्लिकाअक्का मदुराईची, मी चिपळूणची. जूनमधल्या एका शुक्रवारी आम्ही गच्चीवर तिच्या वडिलांच्या जुन्या धोतरावर वडाम घालत होतो. आपल्या कुरडयांसारखेच, तांदळाच्या चिकाचे. आम्ही वर आहोत हे रखवालदाराला ठाऊक नव्हतं. तो दाराला कुलूप लावून नमाजला गेला. फोन खाली होते, पाणी संपलं होतं.

मी पळीने लोखंडी दार बडवत राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उष्माघातात घाम थांबतो, हे मला पाठ होतं. मी सारखी कपाळ चाचपत होते. अक्का मात्र साचा दाबतच होती.

"बैठ," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "आटा सूख जाएगा."

मला तिचा संताप आला. मरायची वेळ आली आणि हिला वडामांची पडलीय.

दीड तासाने दार उघडलं. वडाम वाळले तेव्हा पहिल्या ओळी गोल होत्या, शेवटच्या वेड्यावाकड्या, तुटक. चीक घट्ट झाला असेल, मी म्हणाले. तीही हो म्हणाली.

अक्का गावी परतली. आता दर जूनला मीच वडाम घालते. गच्चीची किल्ली कमरेला खोचलेली असते. तरी वाऱ्याने दार आपटलं की साच्यातून माझाही वडाम वाकडाच पडतो.