वाढत्या अंगाची वल्ही

हिरामणला खाडीवर कुणी नेमलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे सगळी वाडी अशी वागली, की जणू हा माणूस आईच्या पोटातून होडीत बसूनच आला होता.

पेणच्या खाडीपट्ट्यातली ती वाडी जेमतेम सोळा घरांची. एकोणनव्वदच्या पावसात समुद्राकडच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं ते कायमचं. बांधावरून शाळेला जायची वाटही त्यातच गेली. शाळा पलीकडच्या काठावर, बाकीचे बाप मिठागरावर नाहीतर पेणला मजुरीला. हिरामणची शेती नुकतीच बुडालेली आणि होडी घरची. वाडीतली म्हातारी सीताबाई म्हणाली, "आजच्या दिस तेवढी पोरा पोचव रं." तो आजचा दिवस चार वर्षं चालला.

सकाळी न्यायची, दुपारी आणायची. मधल्या वेळात कुठे जावं म्हटलं तर ओहोटी लागायची. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला तो अक्षता पडल्यावर पोचला आणि जेवण न करता परतला. वाडीनं त्याला तांदूळ दिले, भाजी दिली, मान दिला. सुट्टी तेवढी दिली नाही.

तो मेव्हणा म्हणजे कान्हू, त्याच्या बायकोचा, अनिताचा भाऊ. नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायचा आणि पूल ओलांडून रोह्याच्या एका कंपनीत कामाला जायचा. त्र्याण्णवच्या मे महिन्यात तो आला आणि म्हणाला, "दाजी, कंपनीत जागा निघाल्यात. जुलैच्या एक तारखेला हजर व्हा. सहा महिनं टिकलात तर पक्कं करतील."

हिरामणला इतका आनंद झाला की त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण पोरांचं काय? दोन दिवस डोकं खाजवल्यावर त्याला सुचलं, की पोरांनी स्वतःच होडी वल्हवावी. पोरं पाचच होती. त्याचा मिथुन तेरा वर्षांचा, तो मागे बसून होडीला दिशा देईल. भूमिका अकराची, हाडापेरानं दणकट. धनेश आणि त्याचा भाऊ मध्ये, आणि पुढे सीताबाईचा सात वर्षांचा नातू साईराज, ज्याचं तोंड हातांपेक्षा जास्त चालायचं. वल्ही मात्र पाच हवीत. मोठ्या माणसाचं वल्हं पोराच्या हातात म्हणजे उंदराला मुसळ.

घरात धान्यासाठी बांधलेला माळा होता. धान्यच नाही तर माळा कशाला, असं म्हणून हिरामणनं त्याच्या सागाच्या फळ्या उतरवल्या. त्या माळ्यावर अनितानं चार वर्षं रिकामी कणगी तेवढी जपून ठेवली होती.

पोराचं वल्हं कसं निवडावं हे हिरामणच्या बापानं त्याला शिकवलं होतं. पोराला होडीत बसवायचं आणि काठी पाण्यात उभी धरायला सांगायची. मूठ हनुवटीशी आली पाहिजे. वर गेली तर खांदा ओढला जातो, खाली आली तर पोर वाकतं आणि होडी कलते. पातं पोराच्या पसरलेल्या पंजाएवढं रुंद, त्याहून जास्त नाही. आणि दर पावसाळ्याआधी पोराला पुन्हा बसवून पाहायचं, कारण वल्हं वाढत नाही, पोर वाढतं.

हिरामणनं पाचही पोरांना बसवलं, काठीवर हनुवटीच्या उंचीला कोळशाची खूण केली, आणि मग दांडा प्रत्येकाचा एक वीत जास्त ठेवला. पातीही चार बोटं जास्त रुंद ठेवली. आपण गणवेश वाढत्या अंगाचा शिवतो, चप्पल एक नंबर मोठी घेतो, तसंच हे. "तीन वरसं बघाया नको," सीताबाईनं कौतुक केलं. पण खरं कारण हिरामणला ठाऊक होतं. दर वर्षी माप घ्यायला त्याला या खाडीवर परत यायचं नव्हतं. एकदा सुटलो की सुटलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

जूनभर त्यानं पोरांना भरतीच्या संथ पाण्यात फिरवलं. संथ पाण्यात काय, सूपसुद्धा वल्ह्याचं काम करतं. पोरं जमवून नेत होती. एक तारखेला तो कामावर हजर झाला आणि कान्हूकडे राहू लागला.

रोज सकाळी अष्टमीचा पूल ओलांडताना तो मध्यावर थांबायचा. खाली कुंडलिका पावसानं फुगलेली, आणि आपण मात्र कोरड्या पायांनी पलीकडे. पाण्याला विचारायचं नाही, वेळ बघायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो जिथे निघाला तिथे सरळ चालत जात होता. अशा नऊ सकाळी त्याला मिळाल्या.

नवव्या दिवशी शिफ्ट सुटली तेव्हा गेटाशी अनिता उभी होती. ती एकटी कधी पेणच्या पुढे आली नव्हती.

"पोरा जिती हायेत," तिनं आधी सांगितलं. "सगळी जिती हायेत."

मग बाकीचं. आदल्या दुपारी परतताना ओहोटीला जोर होता, वर पावसाचं पाणी. मुठी पोरांच्या कपाळापर्यंत जात होत्या. रुंद पात्याला पाण्यानं धरलं आणि साईराजचं वल्हं हातातून ओढून नेलं. भूमिकानं एकटीनं जोर लावला, तिचा खांदा गेला. होडी गरगरत तिवरांच्या चिखलात रुतली. कमरेएवढा चिखल, पाणी नाही, माणसाला जाता येत नाही. पुढची भरती येईपर्यंत पाच तास आया काठावर उभ्या होत्या आणि पोरं होडीत रडत होती.

हिरामण दोन दिवसांची रजा सांगून आला. येताच करवत घेतली, दांडे कापले, पाती तासली, साईराजला नवं वल्हं केलं. मूठ बरोबर हनुवटीला. मग ऐन ओहोटीत पोरांना घेऊन गेला आणि आपण हात मांडीखाली दाबून बसला. भूमिकाचा खांदा बांधलेला, ती नुसती बसली होती, तरी होडी सुरीसारखी पाणी कापत पलीकडे गेली.

"बघितलास, सीताबाय?" तो म्हणाला. "आता पोरा आपली आपण जातील."

"तू बसशील तर जातील," सीताबाई म्हणाली. "नायतर ऱ्हाऊ दे शाळा."

"अगो, वल्ही बरोबर झालीत आता."

"मागं बी बरोबर हायेत म्हनलास. वल्ह्यावर इश्वास नाय रं आमचा. तुज्यावर हाय."

त्यानं मिथुनच्या आईकडे, अनिताकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती, आणि तिची मान सीताबाईच्या बाजूची होती. एक वीत. दर वर्षी एक दिवस यावं लागू नये म्हणून ठेवलेली एक वीत. आता दर वर्षीचे सगळे दिवस त्या वितीत गेले. त्याला कुणाचा राग धरावा तेही कळेना, कारण वीत त्याच्याच पंजाची होती.

कंपनीनं चौथ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा घेतला. कान्हू निरोप घेऊन आला, चहा न घेता गेला.

तेव्हापासून हिरामण रोज होडीत बसतो. वल्हवत नाही, पोरांना गरजच नसते. दर जूनला माप घेतो, हनुवटीच्या खुणेवर कापतो, बोटभरही जास्त ठेवत नाही. बाकी वेळ होडीच्या मधोमध हात मांडीखाली घालून बसायचं.

सत्त्याण्णवच्या श्रावणात साईराज, आता अकरा वर्षांचा, वल्हं मारता मारता मागे वळून म्हणाला, "हिरामणकाका, तू नसलास तर होडी हलकी चालंल."

पोरं हसली. शाळा संपलेल्या मिथुनच्या जागी आता धनेश मागे बसायचा, तो साईराजवर डाफरला.

"त्याला काय बोलू नको," हिरामण म्हणाला. "बरोबर बोलतोय तो." आणि वजन मधोमध राहावं म्हणून जरा सरकून बसला.