एका शब्दाचा पावसाळा

माझे आतोबा, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, यांच्याइतका संताप आणणारा माणूस उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत मिळून दुसरा झाला नसेल. बरं, या माणसाने आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही, कुणाचं वाईट केलं नाही, शेजारणीची मांजर दूध पिऊन गेली तरी तिला ‘अगं, अगं’ यापलीकडे काही बोलले नाहीत. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण ते ऐकून घ्यायचे, चष्मा पुसायचे, आणि जे करायचं तेच करत राहायचे. ज्याच्यावर चिडावं तो असा मऊ निघाला की चिडणाऱ्याचं डोकं आणखी फिरतं, हे मी त्यांच्याच घरात शिकले.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ते टायपिस्ट होते. साहेब इंग्रजीत सांगायचे आणि आतोबा खाडखाड टाईप करायचे. ते म्हणत, “शब्द माझ्या बोटांना ओळखीचे आहेत गं, मला नाहीत. सगळी नुसती तोंडओळख.” म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी शब्दांची ओळख करून घ्यायला सुरुवात केली. आता कुणीही शहाणा माणूस डिक्शनरी उघडेल, अर्थ बघेल आणि मिटून ठेवेल. आतोबा नाही. आपल्याकडे मुलीसाठी स्थळ आलं की जशी चौकशी करतात, तशी ते शब्दाची करायचे. माहेर कुठलं? उठबस कुणाबरोबर? कुठल्या घरात पाय ठेवत नाही? डिक्शनरीतल्या अर्थाला ते ‘फोटो’ म्हणायचे. “फोटो बघून पसंत करायचं का? फोटोत सगळेच गोरे दिसतात.”

हे सगळं लांबून ऐकायला गोड वाटतं. मला नाही वाटलं, कारण मी त्यात सापडले. शहाऐंशीच्या आसपासची गोष्ट. बदलापूर गावातली मी, बारावीला इंग्रजीत माझी दांडी गुल झाली. बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजी नडलं. मला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. बाबांनी भाताच्या पेंढ्यावर बसूनच निकाल लावला, “ऑक्टोबरला सुटलीस तर शीक, नायतर नवरा बघतो.” आणि माझी रवानगी अंबरनाथला आत्याकडे झाली, कारण आमच्या अख्ख्या खानदानात इंग्रजी येणारा एकच माणूस होता. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका पेपरावर टांगलेलं, आणि पेपर या माणसाच्या हातात!

पहिल्याच दिवशी धड्यात एक शब्द आला, ‘ॲक्विएस’. मी डिक्शनरीत बघितलं, मुकाट्याने मान्य करणे. एका मिनिटात पाठ करून पुढच्या ओळीवर गेले. आतोबांनी पुस्तकावर हात ठेवला. “एवढ्यात पसंत?” म्हणाले. “माहेर लॅटिन आहे त्याचं. मूळचा अर्थ निवांत होणं, गप्प होणं. होकार वेगळा आणि हे वेगळं. माणसाला पटलेलं नाही, तरी तो नाही म्हणत नाही, गप्प राहतो आणि गोष्ट होऊ देतो. आणि त्याच्यापुढे ‘इन’ लागतो. ॲक्विएस इन. कशात ते सांगावंच लागतं, वाक्य अर्धं सोडता येत नाही.” मग म्हणाले, “आता असा माणूस प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.”

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत सापडेल एखादा. आषाढ संपला, श्रावण लागला, आम्ही त्याच शब्दावर! व्याकरण राहिलं, निबंध राहिले, पत्रलेखन राहिलं, आणि मी या माणसाच्या मागे छत्री घेऊन गावोगाव मुकाट माणसं शोधत फिरतेय. उल्हासनगरच्या कापडबाजारात त्यांनी आत्यासाठी परकराचं कापड घ्यायचं म्हणून तासभर घासाघीस केली. शेवटी तो सिंधी शेठ हात जोडून म्हणाला, “ले जाओ साईं, तुम्हारे लिए घाटा खाके देता हूँ.” मी आतोबांना कोपराने ढोसलं, की झालं, मिळाला, चला घरी. आतोबा शेठच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाले, “छे छे, हा ॲक्विएस नाही. हा आतून खूश आहे.” शेठ एकदम उभाच राहिला, “क्या बोला? गाली दिया क्या?” मग आतोबांनी त्याला तिथेच, तागे उलगडलेल्या गादीवर बसून, शब्दाची सगळी कुळी समजावून सांगितली. शेठ पण असा नग की त्याने चहा मागवला आणि दुकान सोडून ऐकत बसला. वर म्हणाला, “ये तो मेरा छोटा भाई है साईं, बाप के सामने.” दोघं हसले. मी छत्रीच्या दांडीवर दात रोवले होते.

पण खरा कहर केला स्टेशनजवळच्या सलूनमध्ये. मी भाजीची पिशवी घेऊन बाहेर उभी. आतोबांच्या गालाला साबण लागलेला, वस्तरा मानेवर, आणि शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ. त्यांनी ‘जरा कमी करा’ म्हटलं होतं आणि दुसऱ्या न्हाव्याने डोक्याचं पार कुरण भादरून ठेवलं होतं. त्याने मागे आरसा धरला. त्या बिचाऱ्याने स्वतःची टाळू बघितली, एक आवंढा गिळला आणि मान हलवली, चालेल. आतोबा साबणासकट ताडकन उठले, “हेच! हेच ते! ॲक्विएस!” आतोबांचा न्हावी ओरडला, “अहो काका, मान जाईल ना!” गृहस्थ घाबरून पैसे टाकून पळाले. आणि मी रस्त्यात पिशवी आपटली. भर रस्त्यात, चार माणसांदेखत. “मान जाऊ दे तुमची! तुम्हाला शब्दांचं पडलंय, माझं काय? ऑक्टोबरात नापास झाले की मला उजवतील, मग बसा न्हाव्याकडे!” टोमॅटो गटारात गेले. आतोबांनी ते एकेक वेचले, धोतराला पुसले आणि म्हणाले, “रागावतेस ते बरोबर आहे. पण डोक्याचं ठीक आहे गं, केस पुन्हा येतात. याहून खरं उदाहरण मिळायला हवं.” सांगा, अशा माणसाचं करायचं काय!

आणि मग बाबांनी ऑक्टोबरचीही वाट बघितली नाही. वांगणीकडचं एक स्थळ चालून आलं, वीटभट्टी, पक्कं घर. बाबांनी फोटो बघितला आणि माणसं सरळ आत्याच्या घरी आणली. मला साडी नेसवून बसवलं. मुलगा वाईट नव्हता, तोही बिचारा जमिनीकडेच बघत होता. मुलाच्या काकांनी चहा पिता पिता विचारलं, “मुलीला पसंत हाय ना?”

बाबा मोठ्याने हसले. “पोरीला काय इचारायचं त्यात! गप बसलीय म्हणजे हो.”

सगळे हसले. मी आतोबांकडे बघितलं. त्या खोलीत एकच माणूस होता ज्याला माझ्या गप्प बसण्याचा अर्थ ठाऊक होता. नुसता ठाऊक नव्हता, त्याने अख्खा पावसाळा त्याच्यावर घालवला होता. होकार वेगळा आणि हे वेगळं, एवढंच त्याने बोलायचं होतं. मराठीत बोलला असता तरी चाललं असतं. आतोबांनी चष्मा काढला. पुसला. बायकोच्या भावासमोर त्यांची जीभ कधीच उचलत नसे, ते मला माहीत होतं, पण आज तरी! त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “चहा घ्या, गार होतोय.”

माझ्या डोक्यात सणक गेली. बाबांचा नव्हता आला एवढा राग मला आतोबांचा आला. आणि त्या रागाच्या भरात मीच बोलले, “मला पसंत नाही. मला परीक्षा द्यायचीय.” शब्द पुरते बाहेर पडले. मुलगाच पहिला उठला, “चला काका,” म्हणाला. ते लोक गेल्यावर बाबांनी मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, शेवटी म्हणाले, “आता घरी ये, मंग बघतो.” तेव्हा आत्या पदर खोचून दारात आली. “पोरगी परीक्षेपर्यंत इथंच राहील, दादा. पुढचं पुढं.” बाबा चप्पल अडकवून निघून गेले, आणि पुढे दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मी मागच्या पडवीत कपबशा विसळत होते, विसळत कसली, आदळत होते. आतोबा येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “खरं उदाहरण मिळालं.”

“कुठलं?”

“मी.”

मी वळले. एखादीला दया आली असती. मला नाही आली. “वाक्य अर्धं सोडू नका,” मी म्हटलं. “कशात ते सांगा.”

त्यांनी इंग्रजीत सुरू केलं, “आय ॲक्विएस्ड इन...” आणि पुढे जाता येईना. खाली बसले आणि माझ्या हातातली बशी घेऊन विसळायला लागले. त्या दिवशी सगळ्या कपबशा त्यांनीच धुतल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून व्याकरण, दुपारी निबंध, संध्याकाळी पत्रलेखन. शब्दाचं नाव काढलं नाही. ऑक्टोबरात मी सुटले. काठावर, पण सुटले. तो शब्द पेपरात आलाही नव्हता!

आज मी बेलवलीच्या शाळेत शिकवते. आतोबा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी भेटायला गेले होते. खाटेवर पडूनच म्हणाले, “त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलंस ना, ते अजून दिसतं गं मला.” मी म्हटलं, “काहीतरीच काय आतोबा, मी कधीच विसरले ते.” साफ खोटं होतं, आणि त्यांनाही ते कळलं. भांडायला हवं होतं मी तेव्हा. ते वाटच बघत होते बहुतेक. मी मात्र उशी सारखी करत बसले.

अजून येतो मला त्यांचा राग. शाळेत काही मनाविरुद्ध झालं, कुणी कुणाला गप्प बसवलं, की माझं डोकं फिरतं, मी तरातरा घरी येते, आणि वाटतं, आत्ताच्या आत्ता अंबरनाथला जावं आणि सगळं आतोबांना सांगावं.